पडदा कुठे लावायचा?

‘पहिलं थेटर कोणी बांधलं?’ सिनेमाच्या गप्पा रंगल्या की हा प्रश्न हमखास निघतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि तो जास्त अवघड असतो. सिनेमाच नव्हता तेव्हा त्यासाठी थेटर बांधायचं कोणाला सुचलं? आणि थेटरच नव्हतं, तर पहिला सिनेमा लावला कुठे?

उत्तर शोधायला पिंपळगाव बसवंतहून निघणं सोयीचं आहे. निफाड तालुक्यातलं हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या व्यापारावर ते चालतं. माल विकण्याचे दोन रस्ते असतात, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एक विक्रेता आठवडे बाजार करतो. आज या गावात, उद्या त्या गावात. माल तोच, गिऱ्हाईक रोज नवं. दुसरा दुकान टाकून एका जागी बसतो. त्याचं गिऱ्हाईक तेच असतं, म्हणून त्याला माल सतत नवा आणावा लागतो.

सिनेमा थिएटरच्या पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे फेरीवाल्याने दुकान टाकण्याचा इतिहास. आता तो क्रमाने पाहू.

१. पडदा आधी, सिनेमा नंतर

सिनेमा दाखवायला कमीत कमी काय लागतं? अंधार, दिवा, पांढरं कापड आणि अंधारात गुपचूप बसायला तयार असलेली माणसं. यातली एकही गोष्ट सिनेमाने शोधलेली नाही.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून, म्हणजे मुंबईत सिनेमा येण्याच्या चार वर्षं आधी, मुलांना हाताशी धरून ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले होते. नाव भारदस्त असलं तरी वस्तू सोपी आहे. पुराणातला शंबरासुर मायावी म्हणून प्रसिद्ध, त्यावरून शांबरिक म्हणजे जादूचा. आणि खरोलिका म्हणजे कंदील. जादूचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यांच्या मागे प्रखर दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. पुराणातले प्रसंग आणि सर्कशीतल्या कसरती पडद्यावर झळकायच्या, सोबत निवेदन आणि संगीत असायचं. एकाहून अधिक कंदील वापरून आणि काचा भराभर बदलून चित्र हलल्याचा भासही होई.

प्रेक्षकाचं शिक्षण झालं ते इथे. तिकीट काढायचं, अंधारात बसायचं, कापडावरच्या उजेडाला राम म्हणायचं आणि सीता म्हणायचं, ही सवय सिनेमाच्या आधीच लागलेली होती. उरलं होतं ते चित्राचं खरोखर हलणं.

२. शिवणयंत्रातून आलेली युक्ती

पडद्यावरचं चित्र हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रं इतक्या झटपट येतात की डोळ्याला ती वेगळी काढता येत नाहीत. पण फिल्मची पट्टी दिव्यासमोरून नुसती सरकवत नेली, तर पडद्यावर रंग फासल्यासारखा फराटा दिसेल. प्रत्येक चित्र क्षणभर थांबलं पाहिजे, मग चटकन पुढे गेलं पाहिजे, पुन्हा थांबलं पाहिजे.

शिवणयंत्रात नेमकं हेच चालतं. सुई कापडात असताना कापड थांबतं. सुई वर उचलली की दातेरी पट्टी कापडाला टाकाभर पुढे ढकलते. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंपैकी लुईला आपल्या यंत्राची कल्पना या सरकण्यावरूनच सुचली. पट्टी सरकते तेवढ्या वेळात एक फिरतं पातं दिव्याआड येतं, म्हणून ते सरकणं दिसत नाही.

एक छोटा हिशेब करू. मूकपटांच्या काळात साधारणपणे सेकंदाला सोळा चित्रं दाखवत. ल्युमिएरांची एक फिल्म सुमारे सतरा मीटर लांब असे आणि तीत नऊशेच्या आसपास चित्रं मावत. नऊशेला सोळाने भागलं की छप्पन्न येतात. म्हणजे तेव्हाचा एक अख्खा ‘सिनेमा’ मिनिटभरातच संपायचा.

हा मिनिट लक्षात ठेवायला हवा. पुढची सगळी भानगड त्यातूनच उभी राहिली. मिनिटभराच्या गमतीसाठी इमारत कोण बांधेल?

३. हॉटेलात आणि नाटकाच्या घरात

कोणीच बांधली नाही. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएरांनी पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला, तो ग्रँड कॅफे नावाच्या उपाहारगृहाच्या तळघरात. तिकीट एक फ्रँक, फिल्मा दहा, आणि पैसे भरून आलेले प्रेक्षक ३३.

जेमतेम सहा महिन्यांत हा खेळ मुंबईत पोचला. ल्युमिएरांचा माणूस मारियस सेस्टिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वाटेत तो मुंबईला उतरला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्याने सहा फिल्मा दाखवल्या. फलाटावर येणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, पाडली जाणारी भिंत असे ते विषय. संध्याकाळी सहा, सात, नऊ आणि दहा असे चार खेळ झाले. तिकीट एक रुपया.

एक रुपया म्हणजे सोळा आणे, आणि तेव्हाच्या मजुराच्या खिशाला ते परवडणारे नव्हते. हॉटेलची खोलीही लहान. म्हणून आठवड्याभरात, १४ जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवले गेले. हे नाटकाचं थिएटर होतं. तिथे फिल्मांची संख्या हळूहळू चोवीसपर्यंत गेली, साथीला वाद्यवृंद आला, पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले आणि तिकिटांचे दर पडले: चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत.

त्या एका आठवड्यात पुढच्या थिएटरचा अर्धा नकाशा आखला गेला. वेगवेगळ्या दरांचे वर्ग, बायकांसाठी निराळी जागा, संगीत, एका दिवसात अनेक खेळ. मराठीत सिनेमाघराला आजही ‘थेटर’ म्हणतात, कारण सिनेमाने आपला पहिला बिऱ्हाडपत्ता नाटकाकडूनच उसना घेतला.

मात्र उसन्या घरात सामानाची मांडणी बदलावी लागते. नाटकाला पुढची खुर्ची सर्वांत महाग असते, कारण नटाचा चेहरा दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे. सिनेमात पडद्याजवळ बसलं की मान अवघडते, चित्र थरथरतं आणि डोळे दुखतात. लांबून मात्र ते स्वच्छ दिसतं. म्हणून सिनेमाने वर्गांची उतरंड उलटी केली. नाटकात ज्या जागी शेठजी बसत, तिथे सिनेमात चार आणेवाला आला आणि शेठजी मागे, वर, बाल्कनीत गेले. पडद्याला खेटून जमिनीवर बसणारा हा ‘पिटातला’ प्रेक्षक पुढे शिट्ट्यांसाठी, टाळ्यांसाठी आणि पडद्यावर उधळलेल्या पैशांसाठी प्रसिद्ध झाला.

४. तंबू: आठवडे बाजाराचं गणित

सुरुवातीला फिल्मा भाड्याने मिळत नसत. त्या फुटावर विकल्या जात, कापड वारावर विकतात तशा. धंदा करणाऱ्याला परदेशातून पेटीभर फिल्मा रोख पैसे मोजून घ्याव्या लागत.

समजा, एकाने तास-दीड तासाचा कार्यक्रम होईल एवढ्या फिल्मा घेतल्या आणि पाच हजार वस्तीच्या गावात खेळ लावला. बघणारे एक हजार धरू. रात्रीला पाचशे आले, तर दोन रात्रींत गाव संपलं. तिसऱ्या रात्री तेच दाखवायचं तर बघायला कोण येईल? फिल्म झिजलेली नाही, प्रेक्षक संपला आहे. नवी फिल्म घ्यायला पैसा नाही. मग एकच उपाय उरतो: गाव बदला. माल तोच, गिऱ्हाईक नवं.

म्हणून सिनेमाचं पहिलं हक्काचं घर म्हणजे तंबू. सुरतेत जन्मलेल्या अब्दुल्लाअली युसुफअलींनी १९०१ पासून सिंगापूर आणि आसपासच्या देशांत तंबू घेऊन फिरायला सुरुवात केली आणि १९०७ नंतर ते भारतात फिरले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता, आणि त्यात हजारेक माणसं मावत. हिशेब केला तर माणशी पाच चौरस फूट जागा येते. खुर्चीला ती पुरत नाही, मांडी घालून बसायला चालते. तंबूत बैठक जमिनीवर का असे, हे त्या पाच चौरस फुटांत कळतं.

कलकत्त्यात जमशेटजी फ्रामजी मादन यांनी १९०२ मध्ये मैदानावर तंबू ठोकला. दक्षिणेत कोइमतूरचे रेल्वेतले कारकून सामिकन्नू व्हिन्सेंट यांनी १९०५ मध्ये एका फ्रेंच माणसाकडून यंत्र विकत घेतलं आणि नोकरी सोडून गावोगाव खेळ करत फिरले. तिघांची गावं वेगळी, भाषा वेगळ्या, गणित एकच.

तंबूवाल्याची मोठी अडचण होती दिव्याची. वीज मोठ्या शहरांतल्या थोड्या भागांतच होती. त्यामुळे तेव्हाचे अनेक फिरते खेळ चुन्याच्या दिव्यावर चालत. पानाला लावतात त्याच चुन्याचा भाजलेला, कोरडा खडा घ्यायचा आणि त्यावर प्राणवायू आणि हायड्रोजन यांची जळती ज्योत सोडायची. चुना वितळत नाही. तापून पांढराशुभ्र झळकू लागतो. पुढे इंजिनावर चालणारं वीजजनित्र आलं आणि तंबूबाहेरची धडधड ही खेळ सुरू होण्याची खूण ठरली.

पडद्यातही एक गंमत होती. पांढरं कापड ओलं केलं की त्यातून उजेड आरपार जातो. ओलं धोतर अंगाला चिकटल्यावर काय होतं, हे नदीवर आंघोळ केलेल्या कोणालाही माहीत आहे. धाग्यांमधल्या फटींत पाणी भरतं आणि उजेड विखुरण्याऐवजी पलीकडे निसटतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ल्युमिएरांनी प्रचंड पडदा पाण्याने भिजवून दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना एकाच वेळी चित्र दाखवलं होतं. पलीकडच्या बाजूला चित्र आरशासारखं उलटं दिसायचं. डावखुरा उजवा व्हायचा, अक्षरं वाचता यायची नाहीत. एवढीच काय ती गैरसोय.

५. विकत की भाड्याने?

दुकान टाकायचं तर दोन गोष्टी बदलायला हव्या होत्या. माल स्वस्तात आणि सतत मिळायला हवा होता. आणि एकेक वस्तू मोठी हवी होती.

पहिला बदल १९०७ च्या सुमारास झाला. फ्रान्सच्या पाथे कंपनीने फिल्मा विकणं बंद करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत फिल्मांची अदलाबदल करणारे व्यापारी त्याआधीच पुढे आले होते. भाड्याच्या सायकलीसारखाच हा व्यवहार. सायकल विकत घेतली तर पैसे वसूल होईस्तोवर तीच दामटत राहावं लागतं. भाड्याची असली की संध्याकाळी परत करून उद्या दुसरी. आता एका जागी बसून दर आठवड्याला नवा खेळ लावणं शक्य झालं. गिऱ्हाईक तेच, माल नवा.

परिणाम लगेच दिसला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये १९०५ साली एका दुकानाच्या गाळ्यात खुर्च्या टाकून ‘निकेलोडियन’ सुरू झालं होतं; तिथल्या पाच सेंटच्या नाण्याला निकेल म्हणतात, त्यावरून हे नाव. त्याची नक्कल करणारे गाळे काही वर्षांत हजारोंनी निघाले. भारतात मादन यांनी १९०७ मध्ये कलकत्त्यात एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारलं. देशातलं पहिलं कायमचं सिनेमागृह म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. व्हिन्सेंट यांनी १९१४ मध्ये कोइमतूरला व्हरायटी हॉल काढला, तर युसुफअलींनी त्याच वर्षी अर्देशीर इराणींबरोबर मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर घेतलं. तंबूवाले एकेक करून दुकानदार झाले.

मुंबईत गिरगाव आणि ग्रँट रोड हा नाटकांचा भाग. तिथेच पिक्चर पॅलेस निघू लागले: कोरोनेशन, ऑलिम्पिया, अमेरिका-इंडिया. पुण्यात १९१५ मध्ये मंडईजवळ गंगाधरपंत पाठकांनी आर्यन सिनेमा सुरू केला. पुण्याचं ते पहिलं सिनेमागृह. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये तिथेच लागला, आणि तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

पण सुरुवातीच्या या थिएटरांत लागत होतं ते परदेशी. सण, लग्नं, रामायण, महाभारत पडद्यावर नव्हतं. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या एका गृहस्थाच्या मनात हीच उणीव टोचली. ते होते धुंडिराज गोविंद फाळके.

६. दोन मैल लांबीचं पिक्चर

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. मिनिटभराची फिल्म आता तासाच्या जवळ गेली होती. वस्तू मोठी झाली, हा दुसरा बदल. तरीही थिएटरवाल्याचा अजून तिच्यावर पूर्ण भरवसा नव्हता. चित्रपटाच्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू असा कार्यक्रम ठेवला होता.

मुंबईत चित्रपट चालला. सुरतेत मात्र पहिल्या खेळाला गल्ला जमला तीन रुपये. थिएटरवाला म्हणाला, दर उतरवा नाहीतर कार्यक्रम लांबवा. त्याच्या तक्रारीत तथ्य होतं. तिथे नाटक सहा तास चाले आणि त्याला दोन आणे पडत. फाळक्यांचा कार्यक्रम दीड तासाचा आणि दर तीन आणे. एका आण्याला नाटक तीन तास मिळे आणि सिनेमा अर्धा तास. सुरतेच्या हिशेबी माणसाला सिनेमा सहापट महाग पडत होता.

फाळक्यांनी दर उतरवला नाही. जाहिरात बदलली. फक्त तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रं बघा, दोन मैल लांबीचं चित्र बघा, अशी ती जाहिरात. गल्ला तीनशे रुपयांवर गेला.

ही जाहिरात तपासून पाहण्यासारखी आहे. फिल्मवरच्या एका चित्राची उंची पाऊण इंच, म्हणजे एका फुटात सोळा चित्रं. सत्तावन्न हजाराला सोळाने भागलं की साडेतीन हजार फुटांहून थोडे अधिक येतात. चित्रपटाच्या खऱ्या लांबीच्या हा आकडा अगदी जवळ आहे, तेव्हा छायाचित्रांची संख्या चोख होती. पण मैल ५,२८० फुटांचा. म्हणजे चित्रपट पाऊण मैलही भरत नव्हता. दोन मैलांत सव्वा मैल फाळक्यांच्या पदरचा होता! माल नगावर मोजायचा की लांबीवर, हे गिऱ्हाईक बघून ठरवावं लागतं, हे त्यांना उमगलं होतं.

७. नाशिकचा कारखाना आणि खेड्याची वाट

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ इथेच तयार झाले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि नाशिक हे मूकपटांचं एक मोठं केंद्र बनलं. पिंपळगावहून बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर सिनेमाचा कारखाना होता.

१९१७ चा ‘लंकादहन’ गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये लागला तेव्हा पहिल्या दहा दिवसांत तीस हजारांहून अधिक रुपये मिळाल्याचं सांगतात. दिवसाला तीन हजार रुपये म्हणजे अठ्ठेचाळीस हजार आणे. सरासरी तिकीट आठ आणे धरलं तर रोज सहा हजार माणसं. थिएटरात पाचशेची सोय धरली तर दिवसाला बारा खेळ. चित्रपट तासाभराचा होता म्हणून हे जमू शकलं. मद्रासेत तर जमलेली नाणी बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, अशी हकिकत आहे.

पण थिएटरं होती शहरांत. १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीने पाहणी केली तेव्हा अवघ्या देशातली कायमची सिनेमागृहं तीनशेच्या घरात होती. खेडी लाखोंनी. खेड्यात दुकान टाकून चालणार नाही, हे जुनं गणित तिथे अजून तसंच होतं. म्हणून स्वतः फाळकेही यंत्र, पडदा आणि फिल्मा बैलगाडीत घालून फिरले. शहरात माणूस सिनेमाकडे जात होता. गावात सिनेमा माणसाकडे येत होता.

गावात पोचला तरी सिनेमा मुका होता. गोष्ट सांगणाऱ्या पाट्या मध्ये मध्ये येत, पण त्या वाचणार किती जण? मग पडद्याशेजारी उभा राहून एक जण पाट्या मोठ्याने वाचे, आपल्या पदरचे चार शब्द जास्त बोले आणि पेटी-तबलेवाले प्रसंग पाहून साथ धरत. कीर्तनात रंगलेल्या गावाला ही पद्धत परकी वाटण्याचं कारण नव्हतं.

८. कापसाची आग

थिएटरच्या मागच्या भिंतीत उंचावर दोन-तीन लहान चौकोनी भोकं असतात. त्यातून उजेडाचा झोत येतो. भोकं इतकी लहान का, आणि यंत्र वेगळ्या बंद खोलीत का? दाखवणाऱ्याला एकांत हवा म्हणून नव्हे. आगीच्या भीतीने.

तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. बंदुकीच्या दारूऐवजी वापरतात तो स्फोटक कापूस त्याचाच सख्खा भाऊ. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेची गरज नसते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पाण्यात टाकली तरी ती जळत राहते. अशी पट्टी रणरणत्या दिव्यासमोरून सरकत असे.

४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या खेळात दिव्याच्या इथरने पेट घेतला. लाकडाचा आणि कापडाचा मांडव होता. १२६ माणसं दगावली. त्यानंतर जगभर नियम होऊ लागले. भारतात १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्याने परवान्याशिवाय खेळ करायला मनाई केली. परवाना जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी देणार आणि मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्त. म्हणजे पिंपळगावात तंबू ठोकायचा तरी कागद नाशिकहून आणायला हवा. त्याच कायद्याने चित्रपट तपासणीचीही तजवीज केली आणि १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ आलं. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात तिकिटावर करमणूक करही बसला. दगडी भिंती, पत्र्याच्या झडपा, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं, वाळूच्या बादल्या: थिएटरचा हा ओळखीचा चेहरा वास्तुरचनाकाराइतकाच आगीनेही घडवला.

९. पडदा बोलला, आणि तंबूही

१४ मार्च १९३१. गिरगावचं मॅजेस्टिक. अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ हा बोलपट लागला आणि चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच.

बोलपटाने थिएटरच्या आतलं बरंच काही मोडीत काढलं. पेटी-तबलेवाले गेले, पाट्या वाचणारा गेला. हाताने यंत्र फिरवणारा गेला, कारण आवाजाला वेग ठरलेला लागतो. मूकपटात हात थोडा सैल पडला तर राम जरा सावकाश चालायचा, एवढंच. बोलपटात तोच राम घोगऱ्या आवाजात बोलू लागला असता. म्हणून सेकंदाला चोवीस चित्रं हा वेग कायम झाला. मूकपटात हजार फुटांचं रीळ साधारण सतरा मिनिटं चाले, ते आता अकरा मिनिटांत संपू लागलं.

मुंबईत १९३३ मध्ये रीगल उघडलं आणि १९३८ मध्ये मेट्रो आणि इरॉस. गार हवा, गालिचे, भव्य जिने. सिनेमा बघण्याइतकंच थिएटर बघायलाही लोक जाऊ लागले. दुसऱ्या टोकाला तंबूवाल्यांनीही कर्णे आणि जनित्र घेतलं, बैलगाडीऐवजी ट्रक घेतला आणि ‘टुरिंग टॉकीज’ हे नाव लावलं. महाराष्ट्रात यात्रा-जत्रा हा त्यांचा हंगाम ठरला. कारण जत्रेत ते जुनं गणित आपोआप सुटतं: गाव बदलायची गरज नाही, दहा गावं एकाच जागी चालत येतात.

बोलीत हे सगळे थर अजून शाबूत आहेत. ‘पहिला खेळ कितीचा?’ असं विचारणारा नकळत कंदिलाच्या आणि तंबूच्या काळातला शब्द वापरतो. ‘थेटर’ म्हणणारा नाटकाची आठवण काढतो. आणि ‘टॉकीज’ म्हणणारा १९३१ सालात उभा असतो. सिनेमा बोलतो याचं कोणालाच नवल राहिलेलं नाही, तरी शब्द पाटीवर तसाच आहे.

ज्या इमारतींनी सिनेमाला कायमचं घर दिलं, त्यांतल्या अनेक आता नाहीत. कोरोनेशन नाही, मॅजेस्टिक नाही, पुण्याचं आर्यन नाही. वॉटसन हॉटेलची इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे, पण मोडकळीला आलेली. तंबू मात्र एकविसाव्या शतकातही जत्रांत लागत राहिले. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गेला. त्यात गंजलेली यंत्रं दुरुस्त करणारे हात दिसतात, पेट्यांतली रिळं जाऊन डिजिटल यंत्र येताना दिसतं, आणि कनातीच्या फटीला डोळा लावून फुकटात पिक्चर बघणारी पोरंही दिसतात.